दोघींनी बघितलं का?

आमच्या घरात सुनेच्या आधी लायसन आलं, असं मी अजूनही म्हणते आणि वहिनी अजूनही चिडते. पण त्यात खोटं काय आहे? दादासाठी मुलगी बघायला अण्णा निघाले तेव्हा त्यांनी रंग विचारला नाही, भाकरी थापता येते का विचारलं नाही, पत्रिका तर उघडूनसुद्धा बघितली नाही. "पोरगी डी-फार्म झालेली पाहिजे," म्हणजे औषधाच्या दुकानाचं लायसन मिळवून देणारा डिप्लोमा केलेली, एवढी एकच अट. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला एका घरी पोहे झाले, मुलगी खाली मान घालून पाटावर बसली, आणि आमचे वडील तिच्या बापाला म्हणाले, "सर्टिफिकेट दाखवा की जरा." बापानं ट्रंकेतून ते काढलं. अण्णांनी चष्मा चढवून ते दारातल्या उजेडात धरलं, शिक्का बघितला, सही बघितली आणि तिथंच सुपारीची भाषा सुरू केली. घरी आल्यावर आईनं विचारलं, "नाकीडोळी कशी हाय?" अण्णा म्हणाले, "कोण?"

आमचं मेडिकल उमरग्यात, हायवेवरून गावात वळणाऱ्या रस्त्याला. पुढं दुकान, मागं घर आणि दोन्हींच्या मधे एक अंधारी खोली, जिच्यात खोकी, पोती आणि आमचा फ्रीज. बाहेर ट्रकचे हॉर्न, आत आईच्या भाकरीचे थापे, आणि सकाळी शटर वर जायचं तेव्हा शेजारच्या घरातलं तान्हं पोर दचकून रडायचं, तेच आमचं घड्याळ. अण्णा स्वतः मॅट्रिक. दुकान चालायचं सोलापूरच्या एका गृहस्थाच्या सर्टिफिकेटवर. ते सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममधे, तुळजाभवानीच्या फोटोशेजारी टांगलेलं होतं आणि गृहस्थ स्वतः दसऱ्याला पेढ्याचा पुडा न्यायला यायचे. त्या काळात पुष्कळ दुकानं अशीच चालायची; आज हे बोलले की माझा मुलगा डोळे वटारतो. पुढं तपासणीचे साहेब लोक येऊन विचारायला लागले, "फार्मासिस्ट कुठायत?" अण्णा भिंतीवरच्या फ्रेमकडं बोट दाखवायचे. एका साहेबांनी तिकडं बघितलं, शेजारची देवी बघितली, फ्रेमवरचा झेंडूचा हार बघितला आणि हळू आवाजात विचारलं, "कधी वारले?" त्या दिवशी अण्णा हसले नाहीत. त्या दिवसापासून ते सून शोधायला लागले.

आता माझं सांगते. दुकानात अण्णांच्या उजव्या हाताला एक लाकडी स्टूल होतं आणि ते माझं होतं. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून मी त्यावर बसले. दादाला दुकानाचा कंटाळा. तो ट्रॅक्टरच्या शोरूममधे रमायचा. मला मात्र डॉक्टरांचं कोंबडीच्या पायासारखं अक्षर अण्णांच्या आधी लागायचं. कुठली बाटली कुठल्या खणात हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. चार वाजता समोरच्या हॉटेलातून चहाचा एक कप यायचा. अण्णा कपातला प्यायचे आणि मी बशीतला. आमच्यात बोलणं फार व्हायचं नाही. ते हात पुढं करायचे, मी त्या हातात पाहिजे ते औषध ठेवायची. बापाचं प्रेम म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं असतं तर मी तो पुढं आलेला हात दाखवला असता.

म्हणून दहावीला मार्क बरे पडले तेव्हा मी अण्णांना म्हणाले, "दादाच्या बायकोची वाट कशाला बघायची? बारावी झाली की मीच करते डी-फार्म. मला लायसन मिळंल." अण्णा औषधांची खोकी उतरवत होते. खोकं खाली ठेवून ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मला वाटलं, आता हे 'शाबास' म्हणणार. ते म्हणाले, "येडी का खुळी तू? पोरीच्या नावावर लायसन काढलं तर ते पोरीबरोबर सासरी जातंय. सुनेचं लायसन घरात येतंय." बोलले ते रागानं नाही, अगदी मायेनं, हिशेब समजावून सांगावा तसं. मग पुन्हा खोकी उतरवायला लागले. मी पण खोकी उतरवायला लागले. दुसरं काय करणार होते?

आणि ती आली. कुंदा नाव. माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. उंच, सावळी, बोलायला तोडून. लग्नाची हळदसुद्धा उतरली नव्हती तोवर सोलापूरच्या गृहस्थांची फ्रेम खाली आली आणि तिची वर गेली. आता फार्मासिस्टनं बसायचं कुठं? अण्णांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "मंदे, ऊठ गं जरा. वहिनीला बसू दे." 'जरा' म्हणाले. त्या 'जरा'ला आता चाळिशी उलटली असेल. चार वाजता हॉटेलातून दोन कप यायला लागले. एक अण्णांना, एक कुंदाला. कप असल्यावर बशी कोण विचारतो! मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून ते दोन कप रिकामे होताना बघायची. तिला कप धरता येत नाही असं वाटायचं, तिचं हसणं खोटं वाटायचं, तिच्या बांगड्यांचा आवाज कानात खुपायचा. मनातल्या मनात मी तिला परत वाशीच्या एस्टीत किती वेळा बसवलं असेल, त्याला गणती नाही.

बरं, तिला काही येत नसतं तर माझी जळफळ सुखानं झाली असती. पण बाईला येत होतं. आमच्याकडं गोळ्या सुट्या विकायची पद्धत, अजूनही आहे. माणूस अख्खं पाकीट कशाला घेईल? कात्री घ्यायची आणि जिथून हाताला येईल तिथून पट्टी कापून द्यायची. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या हातातून कात्री घेतली. "मंदाताई, ह्या कडेला तारीख छापलेली हाय. ही कड आधी कापून दिली तर उरलेल्या गोळ्या कधी संपतेत हे कुणाला कळणार? दुसऱ्या टोकाकडनं कापत यायचं. तारखेची कड शेवटपर्यंत आपल्याकडं." इतकी साधी गोष्ट. इतकी वर्षं मी कापत होते, अण्णा कापत होते, आणि आमच्या डोक्यात आलं नव्हतं. अण्णांनी कौतुकानं मान हलवली. मी म्हणाले, "आमच्याकडं गोळ्या तारीख संपंपर्यंत राहतच न्हाईत, एवढं गिऱ्हाईक हाय." ती म्हणाली, "मग तर सोपंच हाय," आणि कात्री मला परत दिली. आज तुळजापूरला माझ्या स्वतःच्या दुकानात कुणी चुकीच्या टोकाकडून पट्टी कापली तर माझा जीव वरखाली होतो आणि तोंडातून बरोब्बर तिचंच वाक्य निघतं. निघालं की माझा मलाच राग येतो.

खरं भांडण लागलं ते फ्रीजवरनं. फ्रीज घेतला होता दुकानासाठी. इन्सुलिन, लशी, धनुर्वाताची इंजेक्शनं थंडच ठेवावी लागतात. पण अख्ख्या गल्लीत फ्रीज आमचा एकटाच आणि माझ्या आईचा स्वभाव असा, की 'नाही' हा शब्द तिच्या माहेरी कुणी शिकवलाच नव्हता. त्यामुळं वरच्या खणात इन्सुलिन, त्याला टेकून दह्याचं पातेलं, मोडाची मटकी, कुणाचं लोणी, कुणाच्या जावयासाठी आणून ठेवलेली द्राक्षं. वहिनीनं पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती बघतच राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई, ह्यात औषधं ठेवायचीत का कोथिंबीर?" आई म्हणाली, "दोन्ही मावतंय की गं." "मावतंय, पण दार घडीघडी उघडतंय. औषधाला एकसारखं थंड लागतंय, कमी बी न्हाई, जास्त बी न्हाई." आईनं पदर खोचला. "चार बुकं शिकलीस म्हणून मला थंडगरम शिकवायलीस व्हय?" मी मटकी निवडत बसले होते, पण कान सगळे तिकडं. लई बरं वाटत होतं मला. अण्णांनी बायको आणि सून या दोघींच्या मधे न पडण्याचा शहाणपणा केला आणि फ्रीज होता तसाच राहिला.

मग आली येळवस. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला मी हे कितीदा समजावून सांगितलं असेल: ऐन थंडीतली अमावास्या, त्या दिवशी सगळं गाव उठून शेतात जातं. कडब्याची खोप करायची, पांडवांची पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि आंबील यांच्यावर आडवा हात मारायचा. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. शेतात त्या महिन्यात जे जे हिरवं असतं, वाटाणा, पावटा, हरभरा, ते सगळं एका पातेल्यात बेसन लावून शिजवायचं. गावात त्या दिवशी कुत्रं सापडत नाही. आंबील आदल्या दिवशीच होते, ताकातली, लसूण-कोथिंबिरीची, आणि ती मडक्यात आपसूक गार होते. पण गल्लीत फ्रीज आहे म्हटल्यावर मडकं कोण वापरतो? आदल्या संध्याकाळी आमच्या दारात आंबिलीच्या पातेल्यांची रांग लागली. आईनं सगळ्यांना हो म्हटलं. एवढी पातेली गार व्हायला पाहिजेत म्हणून फ्रीजचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं, आणि पातेल्यांना जागा व्हावी म्हणून औषधाचा डबा उचलून मागं, बर्फाच्या खणाला टेकवून ठेवला. वहिनी त्या वेळी उंडे वळत होती आणि मी लसूण सोलत होते. आमच्यातल्या कुणालाच ते दिसलं नाही. पहाटे जो तो आपापलं पातेलं घेऊन गेला.

दुपारी शेतातून अण्णा, वहिनी आणि मी लवकर परत आलो. औषधाचं दुकान दिवसभर बंद ठेवायचं नाही, हा अण्णांचा नियम होता. आई आणि दादा पाव्हण्यांबरोबर मागं राहिले. दुकानासमोर गफूरभाई उभे होते, हायवेवरच्या गॅरेजचे मिस्त्री, आणि त्यांच्या बोटाला धरून नसीम. सात-आठ वर्षांची पोर, डोळे एवढे मोठे, हातपाय काडीसारखे. तिला लहानपणापासून साखरेचा आजार. रोज इन्सुलिन टोचल्याशिवाय ती जगू शकत नव्हती, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. गफूरभाई म्हणाले, "अण्णा, सबेरे का आखरी था. शीशी खाली. शामचं कसं करायचं, सांगा. डॉक्टरसाहेब बी शेतात गेलेत." अण्णांनी शटर वर केलं, वहिनी साडी बदलायला आत गेली आणि अण्णा मला म्हणाले, "मंदे, बाटली आण." हात पुढं केला. किती दिवसांनी तो हात माझ्यापुढं आला होता! मी धावत गेले.

डबा बर्फाला चिकटून बसला होता. उचकटून काढावा लागला. उघडून बघते तर बाटल्यांमधे पाणी हलत नव्हतं, नुसता दगड. एका बाटलीची काच तडकली होती. डब्यावर काय छापलंय ते मला पाठ होतं, कारण रिकामेपणी मी डब्यांवरचं सगळं वाचायची. थंड ठेवा, पण गोठवू नका. मी डबा तसाच घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "अण्णा, ह्या गोठल्यात. ह्या द्यायच्या न्हाईत. ह्या बाद झाल्या." अण्णांनी एक बाटली उचलली, उजेडात धरली. "बाद काय होतंय? बर्फ वितळला की पाणीच की." त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरून चोळायला सुरुवात केली. मी म्हणाले, "अण्णा, डब्यावर लिहिलंय." तर म्हणाले, "गप गं. तुला काय कळतंय त्यातलं? माणूस दारात उभा हाय." गफूरभाई माझ्याकडं बघत होते, अण्णांकडं बघत होते. अण्णांच्या तळव्यात बाटली वितळत चालली होती, आणि खरंच, आता ती दिसायला पहिल्यासारखीच दिसत होती.

तेवढ्यात वहिनी आली. डबा बघितला, अण्णांच्या हातातली बाटली बघितली. म्हणाली, "अण्णा, ही देता येत न्हाई. गोठली की त्यातलं औषध मेलं. वर दिसायला तशीच दिसती." अण्णांचे हात थांबले. "अगं, पण पोरीला द्यायचं काय मग? काहीच न देण्यापेक्षा..." "काहीच न दिलेलं बरं, अण्णा. ही दिली तर ह्यांना वाटंल औषध दिलं, निवांत झोपतील, आणि पोरीची साखर वाढतच जाईल. न्हाई म्हटलं तर निदान दुसरीकडनं आणायला पळतील."

आणि अण्णांनी बाटली खाली ठेवली. एवढंच. वाद नाही, 'गप' नाही, 'तुला काय कळतंय' नाही. सुनेनं बापासारख्या माणसाला गिऱ्हाइकादेखत नाही म्हटलं आणि त्यानं बाटली खाली ठेवली. मी तिथंच उभी होते. मी बोलले होते तेच ती बोलली, तोच डबा, तीच बाटली! माझं बोलणं वाऱ्यावर गेलं आणि तिचं पटलं. त्या क्षणी मला नसीमची काळजी वाटायला हवी होती. वाटतही होती, नाही असं नाही. पण तिच्या वर एक दुसरंच काहीतरी बसलं होतं आणि ते खाली उतरायला तयार नव्हतं. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा माझे कान तापलेत. वय झालं की मत्सर जातो म्हणतात. ज्यांचा गेला असेल त्यांनी मला येऊन सांगावं.

गावातलं दुसरं मेडिकल बंद. त्याचा मालकही शेतात. सोलापूर शहरात येळवशीला बाजार बंद नसतो, तिथं आमचा डीलर होता. अण्णांनी आईचा चहाचा थर्मास उचलला, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि शेतातल्या मातीचे पाय तसेच घेऊन हायवेवर गेले. गफूरभाईंनी हात केला तर न थांबणारा ट्रक त्या रस्त्यावर नव्हता. एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या शेजारी अण्णांना बसवून ते परत आले आणि दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसले. वहिनीनं नसीमला आत घेतलं, पाणी पाजलं, घडीघडी कपाळाला हात लावून बघत राहिली, बोलतं ठेवलं. नसीम तिला विचारत होती, "भाभी, आंबील गोड रहती क्या?" बिचारीला भूक लागली होती.

मी स्टुलावर बसले. स्टूल रिकामं होतं म्हणून बसले. पण माझ्या पोटात काही राहत नाही. म्हणाले, "मी हेच बोलले होते. तुमच्या आधी."

"ऐकलं मी," वहिनी म्हणाली. "आत साडी नेसताना ऐकलं. तसंच निऱ्या हातात धरून पळत आले."

"मग?"

"मग काय? माझा कागद भिंतीवर हाय, तुमचा न्हाई. ह्या दुकानात माणसाचं कुठं ऐकतेत, कागदाचं ऐकतेत." नसीमच्या केसातला गुंता ती बोटांनी सोडवत होती. "मला शाळेत शिकवायचं होतं, मंदाताई. बाबा म्हणाले, डी-फार्म कर, चांगल्या दुकानात खपशील."

खपशील. हा शब्द तिनं असा काही उच्चारला, की दुसरी एखादी असती तर उठून तिच्या जवळ गेली असती. मी नाही उठले. माझ्या मनात आलं, असू दे, पण कागद तर तुझ्याकडंच आहे ना? हात तर तुझ्याचपुढं येतो ना?

दिवेलागण होऊन गेली तेव्हा अण्णा आले. नेहमीची टोपी डोक्यावर नव्हती. थर्मास त्यांनी तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला होता. उघडला तर आत बर्फ आणि बर्फात टोपीची घट्ट गुंडाळी, आणि गुंडाळीत बाटल्या. "बर्फाला लागू दिलं न्हाई," असं म्हणून त्यांनी ती गुंडाळी सुनेपुढं धरली. परीक्षेतला पेपर धरावा तशी. वहिनीनं टोपी उलगडली, बाटली हलवून बघितली, नाव बघितलं, तारीख बघितली. आणि मग ती बाटली गफूरभाईंना न देता तिनं माझ्यापुढं धरली.

"मंदाताई, तुमी बी बघा."

"मी कशाला?" मी म्हणाले.

"अण्णा, सकाळपासून ही बाई एकदाच बोलली आणि बरोबर बोलली," वहिनी अण्णांना म्हणाली. "माझ्या आधी बोलली. तवाच ऐकलं असतं तर तुमाला आधीचा एखादा ट्रक घावला नसता का? उद्या मी चुकीन. एकटीच्या नजरेवर माझा भरवसा न्हाई. दोघींनी बघितल्याबिगर दुकानातून काही जायला नको."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचलं, तारीख वाचली, आत पाणी हलतंय ते बघितलं. म्हणाले, "बघितलं." गफूरभाईंनी तिथंच दुकानाच्या बाकड्यावर नसीमला टोचलं, तशी ती 'अम्मी' म्हणून ओरडली. नसीम आज उमरग्यातच आहे, तिची मुलं कॉलेजात जातात, आणि ती आमच्या दुकानात आली की वहिनीकडं बघून हळूच विचारते, आंबील आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं गोठलेल्या सगळ्या बाटल्या अण्णांच्या देखत फोडून टाकल्या. बटणाची गोष्ट कळल्यावर आई रडली, मग चिडली. "माझ्या आंबिलीनं आजवर कुणाचं वाईट झालं न्हाई!" पण फ्रीज तेव्हापासून सोवळ्यात गेला. कोथिंबिरीची काडीसुद्धा आत गेली नाही. गल्लीतल्या बायका सहा महिने आमच्याशी तुटक वागल्या. आणि अण्णांना नवीनच सवय लागली. कुठलंही औषध गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी ते बसल्या जागेवरून विचारायचे, "दोघींनी बघितलं का?" मग एकीनं वाचायचं, दुसरीनं 'बघितलं' म्हणायचं. माझ्यासाठी दुसरं स्टूल आलं. ते अण्णांच्या डाव्या हाताला होतं, पण आलं.

पुढच्या जूनमधे अण्णा एकदम म्हणाले, "मंदे, तो कॉलेजचा फॉर्म भरून टाक." मी दोन वर्षं मागं लागले होते तेव्हा हा माणूस हलला नव्हता. कुणी हलवला ते विचारायची गरजच नव्हती. वहिनी चहा गाळत होती आणि इतकं मन लावून गाळत होती, की कुणालाही कळलं असतं. मी फॉर्म भरला आणि तिचे आभार मानले नाहीत. माझं मागणंसुद्धा तिच्याच तोंडून पुरं व्हावं, हे मला सोसलं नाही. पुढं माझं लग्न तुळजापूरला झालं. मांडवातून निघताना अण्णा रडत रडत दादाला म्हणाले, "बघ, म्या म्हणत होतो का न्हाई? चाललं लायसन." सगळे हसले, मी पण हसले. एस्टी स्टँडच्या अलीकडं आमचं मेडिकल आहे. चालून आलेल्या भक्तांच्या पायाचे फोड, उलट्या, जुलाब, हे सगळं आता माझ्या फ्रेमखाली चालतं.

गेल्या येळवशीला मी उमरग्याला गेले होते. अण्णांनी आता अंथरूण धरलंय. ऐकू कमी येतं, माणसं मागंपुढं होतात, पण दुकानाचं सगळं आठवतं. दुपारच्या गोळीची वेळ झाली. वहिनी स्वयंपाकघरात भज्जीच्या पातेल्याशी होती, म्हणून मी म्हटलं, आज मी देते. पाणी आणलं, गोळी काढली, तारखेची कड राखूनच काढली, आणि त्यांच्यापुढं धरली. अण्णांनी तोंड मिटून घेतलं. "कुंदानं बघितलं का?" म्हणाले.

माझं वय साठीला आलं. इतकी वर्षं मी दुकान चालवते, तिकडचे डॉक्टर मला फोन करून विचारतात. आणि माझा बाप माझ्या हातची गोळी घ्यायला तयार नाही. मी म्हणाले, "अण्णा, मी मंदा." ते म्हणाले, "व्हय की. मग कुंदानं बघितलं का?" मी वहिनीला हाक मारली. वहिनी आली, हात बेसनानं भरलेले, कोपरानं चष्मा सावरत तिनं पट्टी वाचली आणि अण्णांच्या कानाशी ओरडली, "बघितलं, अण्णा!" तेव्हा कुठं तोंड उघडलं.

मी पेला घेऊन तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. पेला आपटलाच मी. म्हणाले, "झालं ना तुझं समाधान? शेवटी तूच."

वहिनी पातेल्यात डाव फिरवत होती. ती फिरलीसुद्धा नाही. "मला काय सांगतीस, मंदे? तू वर्षातनं चारदा येतीस. मी रोज देते. रोज, तिन्ही वेळा, तोंड मिटून विचारतेत, मंदानं बघितलं का? इतकी वर्षं सगळं मी करते, आणि नाव कुणाचं, तर तुझं. कधी कधी असा राग येतोय तुझा, की काय सांगू."

चुलीवरची भज्जी रटरटत होती. मी विचारलं, "मी तर इथं नसते. मग तू काय सांगतीस त्यांना?"

"काय सांगणार?" वहिनी म्हणाली. "बघितलं म्हणते."